कुठेतरी पाणी मुरतंय : लष्करी छावण्यांखालच्या भूजलाची तीन कथने

मराठीत संशय व्यक्त करायचा झाला की आपण म्हणतो, ‘कुठेतरी पाणी मुरतंय.’ जे दिसायला हवे ते दिसेनासे झाले आहे आणि आज ना उद्या ते भलतीकडेच वर येणार आहे, एवढे सगळे या तीन शब्दांत येते. भूजलाच्या प्रदूषणात हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो. नदी बिघडली तर फेस दिसतो, मेलेले मासे काठाला लागतात, वास येतो. जमिनीखालचे पाणी बिघडले तर बहुधा यातले काहीच होत नाही. नळाला येणारे पाणी स्वच्छ असते, थंड असते, चवीलाही वाईट नसते.

लेखकाची खरी अडचण इथे सुरू होते. गोष्ट सांगायला घटना लागते, ती घडल्याचा क्षण लागतो आणि ती घडवणारा कुणीतरी लागतो. भूजल-प्रदूषणात घटना तीस-तीस वर्षे चालू राहते, तिला क्षण नसतो आणि घडवणारे बरेचदा बदली होऊन गेलेले असतात. जागा लष्करी असेल तर आणखी एक अडचण येते. तिथे फाटक असते, फाटकावर पहारा असतो आणि कागदांवर शिक्के असतात.

ही अडचण तीन कृतींनी कशी सोडवली, आणि सोडवताना काय गमावले, हे मला पाहायचे आहे. पहिली कृती म्हणजे रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या पुस्तकातले पाण्यावरचे प्रकरण. दुसरी, ‘सेम्पर फाय : ऑलवेज फेथफुल’ (२०११) हा रेचेल लिबर्ट आणि टोनी हार्डमन यांचा माहितीपट. तिसरी, जॉन मिचेल यांचे ‘पॉयझनिंग द पॅसिफिक’ (२०२०) हे पुस्तक. चौथा एक मजकूरही विचारात घेतला आहे. तो साहित्यात मोडत नाही. ती छावणीतल्या रहिवाशांना वाटलेली एक सूचना आहे. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे.

पक्ष्यांच्या पुस्तकातला शस्त्रकारखाना

‘सायलेंट स्प्रिंग’ हे आपल्याकडे डीडीटीचे आणि मुक्या झालेल्या पक्ष्यांचे पुस्तक म्हणून ओळखले जाते. त्यातले चौथे प्रकरण भूपृष्ठावरच्या आणि भूगर्भातल्या पाण्याचे आहे, आणि त्यातले भूजलाचे सर्वांत सविस्तर उदाहरण एका लष्करी जागेचे आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. ती जागा म्हणजे कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराजवळचा रॉकी माउंटन आर्सेनल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या रसायन विभागाने तिथे युद्धसामग्री बनवली. पुढे त्याच कारखान्याचा काही भाग खासगी कंपनीला भाड्याने दिला गेला आणि तिथे कीटकनाशके तयार होऊ लागली. सांडपाणी उघड्या तळ्यांत सोडले जाई. काही काळाने कित्येक मैलांवरचे शेतकरी तक्रार करू लागले. जनावरे आजारी पडत होती, पिके पिवळी पडत होती, माणसांनाही त्रास होत होता. जमिनीखालून सुमारे तीन मैल जायला त्या पाण्याला सात-आठ वर्षे लागली होती.

कार्सन यांची रीत शोधकथेची आहे. त्या परिणामापासून कारणाकडे जातात. शेतातल्या विहिरीपासून मागे मागे येत तळ्याच्या काठाशी थांबतात. तिथे त्यांना आणखी धक्कादायक गोष्ट आढळते. विहिरींत आणि तळ्यांत २,४-डी हे तणनाशक सापडले, पण ते त्या कारखान्यात कधी बनवलेच नव्हते. वेगवेगळी टाकाऊ रसायने तळ्यात एकत्र आली आणि हवा, पाणी व ऊन यांच्या संगतीत ते आपोआप तयार झाले. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही आपली म्हण इथे अपुरी पडते. कुणी न टाकलेलेही पोहऱ्यात येऊ शकते.

प्रकरण म्हणून हे लेखन आजही नमुनेदार आहे. तरीही त्यात एक पोकळी आहे. कार्सन यांच्या वाक्यांत कर्ता रसायन असते. लष्कर केवळ पत्ता म्हणून येते. कृत्रिम कीटकनाशकांचा उद्योग दुसऱ्या महायुद्धातून जन्मला, हे त्या आधीच्याच प्रकरणात सांगतात. म्हणजे धागा त्यांच्या हातात होता. पण युद्धाची घाई आणि जमिनीची नासाडी यांचा संबंध काय, शत्रूसाठी बनवलेले विष आपल्याच शेतकऱ्याच्या विहिरीत उतरते तेव्हा जबाबदारी कुणाची, हे प्रश्न त्या विचारत नाहीत. त्यांचा रोख कीटकनाशकांवर होता, म्हणून ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम टिकला. पर्यावरणावरच्या लेखनाची सुरुवात ज्या पुस्तकापासून मोजली जाते, त्यात छावणी आहे आणि वाचकांना ती दिसत नाही.

या जागेचा पुढचा इतिहास कार्सन यांना पाहायला मिळाला नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी लष्कराने सांडपाण्याची विल्हेवाट लावायला तिथे १२,००० फुटांहून खोल विहीर खणली आणि दाबाने ते जमिनीत भरायला सुरुवात केली. त्यानंतर डेन्व्हर परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि १९६६ मध्ये ते काम थांबवावे लागले. १९८७ मध्ये ही जागा केंद्र सरकारच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत गेली. आज तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. गवे फिरतात, गरुड उतरतात. कुंपणामुळे माणूस आत आला नाही म्हणून प्राणी टिकले. पक्ष्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकातले सर्वांत विषारी ठिकाण पक्ष्यांचे घर झाले आणि त्याखालच्या पाण्यावर शुद्धीकरणाचे काम चालूच राहिले.

लेजूनचे पाणी

दुसऱ्या कृतीकडे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. कॅम्प लेजून हा नॉर्थ कॅरोलिनातला मरीन सैनिकांचा मोठा तळ. सैनिकांची कुटुंबे तिथेच राहत आणि पाणी तळावरच्या विहिरींचे असे. तारावा टेरेस या वसाहतीच्या विहिरींत पर्क्लोरोएथिलीन उतरत होते. ते तळाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून येत होते. दुकान १९५३ मध्ये सुरू झाले होते. हॅडनॉट पॉइंट या भागात दोष तळाचाच होता. यंत्रांच्या भागांवरचे ग्रीस काढायला वापरायचे ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई, जमिनीत मुरले होते आणि जमिनीखालच्या टाक्यांतून इंधन गळून बेंझीन पाण्यात उतरले होते.

टीसीई पाण्यापेक्षा जड असते. ते खाली खाली जाते, मातीच्या फटींत साठून राहते आणि तिथून वर्षानुवर्षे पाण्यात विरघळत राहते. विहिरी आळीपाळीने चालवल्या जात, त्यामुळे नळाचे पाणी एके दिवशी वाईट आणि दुसऱ्या दिवशी बरे असू शके.

१९८० च्या शेवटी दुसऱ्याच कारणासाठी पाण्याच्या तपासण्या सुरू झाल्या. नमुन्यांत भलतीच द्रव्ये मिसळलेली आहेत, असे लष्करी प्रयोगशाळेच्या लक्षात आले. १९८१ मधल्या एका अहवालाच्या तळाशी, पाणी द्रावकांनी अतिशय दूषित आहे असा हस्ताक्षरातला शेरा आहे आणि त्यापुढे उद्गारचिन्ह आहे. मे १९८२ मध्ये हॅडनॉट पॉइंटच्या पाण्यात टीसीईचे प्रमाण अब्ज भागांत १,४०० भाग निघाले. पुढे अमेरिकेत यासाठी जी मर्यादा ठरली ती ५ भागांची आहे. सर्वाधिक दूषित विहिरी बंद व्हायला १९८४ चा शेवट आणि १९८५ चा आरंभ उजाडला. १९५३ ते १९८७ या काळात तिथे राहिलेल्या आणि काम केलेल्या लोकांची संख्या दहा लाखांपर्यंत असावी, असा अंदाज केला जातो.

निष्ठेची चौकट

‘सेम्पर फाय’ हे मरीन दलाचे ब्रीद. अर्थ, सदैव निष्ठावान. माहितीपटाचा नायक जेरी एन्समिंगर हे दलात सुमारे पाव शतक काढलेले निवृत्त मास्टर सार्जंट. त्यांची मुलगी जेनी १९८५ च्या सप्टेंबरमध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चार मुलांपैकी लेजूनमध्ये राहत असताना आईच्या पोटात आलेली तीच एक. आपल्याच मुलीला हे का झाले, हा प्रश्न बापाला बारा वर्षे छळत राहिला. १९९७ मध्ये जेवणाचे ताट हातात घेऊन टीव्हीसमोर येत असताना त्यांनी बातमी ऐकली आणि लेजूनचे पाणी दूषित होते हे त्यांना प्रथमच कळले.

चित्रपटाची ताकद या माणसाच्या बोलण्यात आहे. नव्या भरतीच्या पोरांना शिस्त लावणारा, त्यांच्या मनात दलाचे ब्रीद ठसवणारा शिक्षक आता त्याच दलाला ब्रीदाची आठवण करून देतो. त्यांच्या सोबत माइक पार्टेन आहेत. लेजूनमध्ये जन्मलेल्या पार्टेन यांना चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला. पुरुषांत विरळा असलेला हा आजार ज्यांना झाला आणि ज्यांचा लेजूनशी संबंध आहे, अशांना ते एकेक करून शोधत जातात. कागदपत्रांचे ढीग उपसणारी ही माणसे वकील नाहीत, शास्त्रज्ञ नाहीत. कॅमेरा त्यांच्याजवळ राहतो आणि पार्श्वसंगीताने रडवायचा फारसा प्रयत्न करत नाही.

तरी माझे दोन आक्षेप आहेत. पहिला कार्यकारणभावाचा. जेनीचा आजार त्या पाण्यामुळेच झाला, ही बापाची खात्री चित्रपट आपलीच खात्री म्हणून पुढे नेतो. विज्ञान एवढे बोलू शकत नाही. लोकसमूहात आजाराचे प्रमाण वाढले का, हे ते सांगू शकते; एका मुलीविषयी ते निर्णय देत नाही. २००९ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने तर ठाम उत्तर मिळणे कठीण आहे असेच म्हटले. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनच्या सैनिकांशी तुलना करता, लेजूनच्या सैनिकांत कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे १० टक्के अधिक आढळला. हे चित्रपटानंतरचे आहे. चित्रपट बनत होता तेव्हा या प्रश्नावर त्याची बाजू दुबळी होती.

पण त्याच्याकडे दुसरी, कुठल्याही आकडेवारीवर न अवलंबणारी बाजू होती. १९८० ते १९८५ या काळात कागदावर आलेले निष्कर्ष पाणी पिणाऱ्यांना वेळेवर कळले नाहीत. एकही माणूस आजारी पडला नसता तरी हा अपराध अपराधच राहिला असता. एन्समिंगर यांची तक्रार नीट ऐकली तर तिचा गाभाही हाच आहे. विहिरी का बिघडल्या यापेक्षा, आम्हाला का सांगितले नाही, हा त्यांचा प्रश्न आहे. आजार आणि लपवाछपवी या दोन आरोपांची सरमिसळ करून चित्रपट आपल्या पक्क्या आरोपाला कच्च्या आरोपाच्या आधाराला उभे करतो. माइक मॅग्नर यांचे ‘अ ट्रस्ट बिट्रेड’ (२०१४) हे याच विषयावरचे पुस्तक या बाबतीत मला अधिक उपयोगी वाटते. त्यात कागदांच्या तारखांना भरपूर जागा आहे आणि तारखा शांतपणे वाचता येतात.

दुसरा आक्षेप निष्ठेच्या चौकटीचा. विश्वासघात व्हायला आधी करार असावा लागतो. सैनिकाने देशाला प्राण देऊ केले आणि देशाने त्याच्या पोराला विष दिले, हा युक्तिवाद अमेरिकी संसदेत पोहोचला. ६ ऑगस्ट २०१२ रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्याच्या एका भागाला जेनीचे नाव मिळाले. २०२२ मध्ये नुकसानभरपाईसाठी दावा लावण्याचा हक्कही मिळाला. लोकांचे एवढे काम करणारा माहितीपट विरळाच. पण ज्यांच्याशी असा कुठला करारच नव्हता त्यांनी कशाच्या बळावर बोलायचे? चित्रपटाच्या शीर्षकातच या प्रश्नाला जागा उरत नाही.

एका विशेषणाची गोष्ट

आता त्या सूचनेविषयी. ३० एप्रिल १९८५ ही तिची तारीख. तळाच्या मुख्य अधिकाऱ्याने तारावा टेरेसच्या रहिवाशांना कळवले की, दोन विहिरी बंद ठेवाव्या लागत आहेत, कारण पाण्यात काही सेंद्रिय रसायने अतिसूक्ष्म, लेशमात्र प्रमाणात आढळली आहेत. या द्रव्यांच्या सुरक्षित प्रमाणाविषयी राज्याचे वा केंद्राचे निश्चित नियम नाहीत. तरी खबरदारी म्हणून हा निर्णय घेतला आहे. पाणी जपून वापरण्याची विनंतीही त्यात होती.

या सूचनेचा मराठी तर्जुमा मी दोन-तीनदा करून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो फार सहज झाला. ‘अत्यल्प प्रमाणात’, ‘खबरदारीचा उपाय म्हणून’, ‘नागरिकांनी सहकार्य करावे’ हे शब्द आपल्याकडच्या नोटिशींतून तयारच मिळतात. शेवटी ‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ एवढे जोडायचे बाकी राहते. इथे तर तो सल्लाही घातक ठरला असता. ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. उकळल्यावर ती पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतात.

सूचनेत खोटे काय होते? शब्दशः पाहिले तर जवळजवळ काहीच नाही. बंधनकारक मर्यादा तेव्हा खरोखरच ठरलेली नव्हती. विहिरी खरोखरच बंद केल्या होत्या. सारे काम एका विशेषणाने केले. त्याच वर्षी जानेवारीत बंद होण्याच्या बेतात असलेल्या विहिरींपैकी एकीत पर्क्लोरोएथिलीन अब्ज भागांत १,५८० भाग निघाले होते. अब्जाशी तुलना केली तर १,५८० हा आकडा सूक्ष्मच. कुठल्याही आकड्याला अब्जाने भागले की तो सूक्ष्म होतो. पण तहानलेला माणूस अब्जाने भागून पाणी पीत नाही. आणि नियम नाही याचा अर्थ धोका नाही, असा समज वाक्यरचनेने आपोआप होऊ दिला.

१९८१ चा हस्ताक्षरातला शेरा आणि १९८५ ची टंकलिखित सूचना शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. एक आतल्यांसाठी आहे, दुसरी बाहेरच्यांसाठी. पहिलीत उद्गारचिन्ह आहे, दुसरीत ‘लेशमात्र’ आहे. चार वर्षांत पाणी बदलले नव्हते, फक्त वाचक बदलला होता. त्यानंतर पाचच महिन्यांनी जेनी गेली. या दोन गोष्टींत कार्यकारण जोडण्याचा मोह मी टाळतो. पण बापाला कळायला आणखी बारा वर्षे का लागली याचे उत्तर त्या विशेषणात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कराराबाहेरचे लोक

जॉन मिचेल हे वेल्समध्ये जन्मलेले, जपानमध्ये काम करणारे पत्रकार. त्यांचे पुस्तक करार नसलेल्यांकडे जाते. ओकिनावा बेटावर अमेरिकेचे तळ आहेत, आणि १९६० च्या जपान-अमेरिका करारानुसार जमीन परत करताना ती पूर्ववत करून देण्याचे बंधन अमेरिकेवर नाही. २०१३ मध्ये ओकिनावा शहरातल्या एका फुटबॉलच्या मैदानाखाली पिंपे सापडू लागली. त्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. ती जमीन पूर्वी काडेना हवाई तळाची होती. २०१६ च्या जानेवारीत ओकिनावा प्रशासनाने जाहीर केले की, काडेनाजवळच्या दाकुजाकु नदीत पीएफओएस आढळले आहे. ज्या पाणीपुरवठ्याला हे पाणी जात होते त्यावर सुमारे साडेचार लाख लोक अवलंबून होते. हे द्रव्य इंधनाची आग विझवणाऱ्या फेसात वापरले जाई, आणि ते निसर्गात जवळपास नष्टच होत नाही. तळाच्या आत जाऊन तपासणी करायची तर अमेरिकी लष्कराची परवानगी लागते.

मिचेल यांचे हत्यार माहिती अधिकाराचा अर्ज आहे. लष्कराचेच कागद मागवायचे आणि लष्कराच्याच शब्दांत गोष्ट सांगायची. एन्समिंगर आणि पार्टेन यांनी दुःखातून जे शिकले ते मिचेल पद्धत म्हणून वापरतात. पण पुस्तकाचा आवाका फार मोठा आहे. प्लुटोनियम, रासायनिक अस्त्रे, एजंट ऑरेंज, फेस, अशी एकामागून एक प्रकरणे येतात आणि बेटे बदलत जातात. कागदांची गर्दी वाढते तसे माणसांचे आवाज क्षीण होतात. जेनीचे नाव एकदा ऐकले की विसरता येत नाही; या पुस्तकातून तसे एखादे नाव माझ्या मनात राहिले नाही. चित्रपटाने एका माणसात सारे सामावले, पुस्तकाने साऱ्या महासागरात माणूस विखरून टाकला.

तरी विषयाचे नैतिक केंद्र मिचेल यांनीच हलवले, हे मान्य करायला हवे. १० एप्रिल २०२० रोजी फुतेन्मा तळावरच्या विमानशाळेतून अग्निशामक फेस बाहेर आला. सुमारे १,४३,००० लिटर तळाबाहेर गेला आणि गिनोवान शहराच्या वस्तीत पांढरे गोळे तरंगू लागले. एरवी मुरणारी गोष्ट त्या दिवशी हवेत उडताना दिसली. तिथल्या लोकांनी कुठलीही शपथ घेतलेली नव्हती. त्यांच्याशी कुणी विश्वासघात केला असे म्हणताच येत नाही, कारण विश्वासाने देण्याघेण्याचा प्रसंगच आला नव्हता. त्यांचा दावा एवढाच आहे की, ते तिथे राहतात आणि ते पाणी पितात. माझ्या मते तो पुरेसा आहे. निष्ठेच्या दाव्यापेक्षा तो अधिक पायाभूत आहे, कारण तो सैनिकाच्या मुलीलाही लागू पडतो.

वाचण्याची रीत

कार्सन यांनी पाण्याचा मार्ग दाखवला, पण तो मार्ग काढणाऱ्याकडे बोट दाखवले नाही. लिबर्ट आणि हार्डमन यांनी दुखावलेला माणूस दाखवला, पण त्याला निष्ठेच्या चौकटीत बसवले. मिचेल यांनी चौकट मोडली, पण माणूस निसटला. या तिघांना जोडणारी गोष्ट म्हणजे कागद. तारावा टेरेसच्या नळांतून पर्क्लोरोएथिलीन नोव्हेंबर १९५७ पासून मर्यादेबाहेर येत असावे, हा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी पुढे गणिती प्रारूपाने महिन्या-महिन्याचा हिशेब मांडून काढला. जे पाणी कुणी जपून ठेवले नव्हते त्याचा इतिहास नोंदींवरून पुन्हा रचावा लागला. तपासणीचा तक्ता, नोटीस, तळाशी पेनाने लिहिलेला शेरा यांच्याशिवाय ना तो हिशेब झाला असता, ना चित्रपट, ना पुस्तक.

म्हणून मराठी समीक्षेकडे माझी एक मागणी आहे. पर्यावरणविषयक लेखन म्हटले की आपण निसर्गवर्णन शोधतो. झाडे, पाखरे, हरवलेले ओढे यांच्याविषयीची हळहळ मोजतो. त्याचे मोल आहेच. पण या विषयाची महत्त्वाची वाक्ये कचेरीत लिहिली जातात, आणि कवितेतली प्रतिमा आपण जशी उलगडतो तितक्याच बारकाईने ‘अत्यल्प’, ‘तूर्तास’, ‘निश्चित नियम नाहीत’ हे शब्द उलगडायला हवेत. विशेषण कुणी लावले, कुणासाठी लावले आणि त्याच वेळी आतल्या कागदावर कोणते विशेषण होते, हे विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. नीट वाचता यावे लागते, आणि ते काम तर आपलेच आहे.